मु. पो. पुढचं डावं चाक

श्री. खडेराव यांस,
मुक्काम डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांमधली फट.

सा. न. वि. वि.

आपण अखेर सापडलात. अभिनंदन आपलं करावं की आपल्याला शोधणाऱ्याचं, हे ठरत नव्हतं. पण इतके दिवस तीन-तीन गॅरेजांना चकवा देणं ही काही साधी गोष्ट नाही, तेव्हा पहिला मान आपला. वजन करून पाहिलं तर तीन ग्रॅम भराल न भराल, आणि हजार किलोच्या गाडीला आपण भर रस्त्यात किंचाळायला लावलंत. बाजारातून जाताना लोक मागे वळून बघायचे. एका आजोबांनी तर हात करून गाडी थांबवली आणि आत कुणी आजारी आहे का, म्हणून विचारलं.

आपल्या कुळाबद्दल मला पूर्ण आदर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्यातून हा काळा पाषाण झाला. याच पाषाणात वेरूळचं कैलास कोरलं गेलं. याच्याच कड्यावर रायगड उभा आहे. आपल्या घराण्यातले बाकीचे लेणी झाले, बुरूज झाले, वाड्यांचे चौथरे झाले. ज्यांना काहीच जमलं नाही ते निदान पाटा-वरवंटा तरी झाले. आपण कुठल्याशा क्रशरमधून निघालात, कुंभार्ली घाटातल्या डागडुजीच्या पट्ट्यावर येऊन पडलात, आणि कोटीकोटी वर्षांच्या तपश्चर्येनंतर एका हॅचबॅकच्या ब्रेकमध्ये घर केलंत. घराण्याचं नाव काढलंत अगदी.

आता आपल्या गायनाविषयी. ताशी वीसला बारीक ‘चीं’, पस्तीसच्या आसपास अखंड किंकाळी, आणि हायवेला लागलं की टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजात सगळं विरून जायचं. उजव्या वळणावर आपला सूर चढायचा. गॅरेजच्या दारात गाडी उभी केली, बॉनेट उघडलं, चारजण आत वाकले, की आपण ठार गप्प. ‘गाडीत काहीच नाही साहेब, तुम्हाला भास होतोय,’ हे वाक्य मी आपल्या कृपेने ऐकलं. गाडी उभी असताना आवाज येत नाही, याचा अर्थ आवाजच नाही, असा हा तर्क. त्या गप्प बसण्यातच अर्धं उत्तर होतं, पण ते बॉनेटखाली सापडणारं नव्हतं.

घरच्यांनी मदत केली नाही असं कृपा करून समजू नका. बायकोच्या मते आवाज मागच्या सीटखालून येत होता. बाबांचा संशय डॅशबोर्डवर होता. मामांनी एसीवर बोट ठेवलं आणि ते शेवटपर्यंत काढलं नाही. शेजारच्या काकूंनी तर रोगाचं मूळ न विचारताच बंपरला लिंबू-मिरची बांधून दिली. यात दोष कुणाचाच नाही, कारण आपण सूरच मोठा हुशारीने निवडला होतात. आवाज कुठून आला हे माणूस दोन खुणांवरून ओळखतो. खर्जातला आवाज दोन कानांवर किंचित पुढेमागे पोचतो. तार स्वरातल्या आवाजाला मध्ये डोकं आडवं येतं, म्हणून तो एका कानाला कमी ऐकू येतो. लॉर्ड रॅले यांनी हे १९०७ मध्येच मांडून ठेवलं आहे. पण साधारण दीड ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात या दोन्ही खुणा लंगड्या पडतात. आपण नेमके तिथेच जाऊन बसलात. त्यात बंद काचांची गाडी, आवाज चारही बाजूंनी आपटून येणार. एका गाडीत चार माणसं आणि चार दिशा, याचं रॅलेसाहेबांना जराही नवल वाटलं नसतं.

पहिल्या गॅरेजने निदान केलं: ‘बेल्ट ओरडतोय.’ आता बेल्ट ओरडतो तेव्हा तो इंजिनाबरोबर ओरडतो. गाडी जागेवर उभी असली तरी ओरडतो, एसी लावला की जास्त ओरडतो, पावसाळी सकाळी तर हटकून. चालू बेल्टवर पाण्याचा शिडकावा केला की त्याचा आवाज पालटतो, ही परीक्षा कुठलाही पोऱ्या करू शकतो. कुणी केली नाही. बेल्ट बदलला. आपण गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत थांबलात आणि मग गायलात; एवढा शिष्टाचार पाळलात, त्याबद्दल आभार.

दुसऱ्याने ब्रेक पॅडवर संशय घेतला. हा संशय निदान खानदानी होता. पुष्कळ पॅडांना स्टीलची एक छोटी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. लायनर झिजून दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला टेकते आणि बोंब ठोकते. ओरडण्यासाठीच जन्माला आलेला हा भाग, आणि तो बिचारा वेळ आल्याशिवाय तोंड उघडत नाही. माझे पॅड निम्मेसुद्धा झिजले नव्हते. तरी ते काढले, त्यांवर पॉलिशपेपर मारला, परत बसवले, आणि पॉलिशपेपर चांदीचा असावा असं बिल हातात दिलं. त्या वेळी आपण त्या कारागिराच्या हातापासून वीतभर अंतरावर होतात. त्याने डिस्कच्या पुढच्या बाजूकडे बघितलं. मागे बघायचं बिलात नव्हतं.

तिसऱ्याने गाडीला हातही न लावता सांगितलं, ‘बेअरिंग गेलंय.’ गेलेलं बेअरिंग घुमतं, गुरगुरतं. त्याचा असा कोवळा गळा नसतो. पण कोटेशन तयार होतं, आणि ते आपल्या वजनाच्या मानाने फारच भारी होतं.

आपल्याला पकडलं ते पंक्चर काढणाऱ्याने. मी हवा भरायला थांबलो होतो. त्याने तीनच प्रश्न विचारले. उभ्या गाडीत येतो का? ब्रेकवर हलका पाय ठेवला की थांबतो का? चालत्या गाडीत न्यूट्रल केलं तरी राहतो का? समोरच्या मोकळ्या मैदानात एक फेरी मारून उत्तरं दिली: नाही, नाही, हो. म्हणजे इंजिन सुटलं, पॅड सुटले, उरलं चाक. त्याने जॅक लावला, चाक हाताने फिरवलं, आणि मला ‘ऐका’ म्हणाला. हाताने फिरवलेल्या चाकातूनही आपण गात होतात! चाक उतरवल्यावर डिस्कच्या मागच्या अंगाला गोल, चकचकीत रेघ ओढलेली दिसली. ओतीव लोखंडावर आपली सही. स्क्रू ड्रायव्हरने पत्रा जरासा मागे ओढला आणि आपण टणकन खाली आलात. थोडं रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला तर आपल्यातले बरेचजण आपणहून निघून जातात म्हणे. पण आपण तिरके होऊन पक्के रुतला होतात. त्याने पन्नास रुपये घेतले.

आपलं तंत्र नंतर समजून घेतलं. खडू फळ्यावर किंचाळतो तसंच ते: फिरत्या डिस्कला क्षणभर चिकटायचं, निसटायचं, पुन्हा चिकटायचं, सेकंदाला हजारो वेळा. त्या थरथरीला मागचा पातळ पत्रा म्हणजे फुकटातला लाउडस्पीकर. हा पत्रा तिथे कशासाठी आहे, माहीत आहे ना? चिखल, पाणी आणि खडे डिस्कपर्यंत पोचू नयेत म्हणून. आपण बाहेरून आलात आणि आत शिरल्यावर त्यानेच आपल्याला बाहेर पडू दिलं नाही. सोसायटीच्या वॉचमननेही इतकं कर्तव्य कधी बजावलेलं नाही.

एका गोष्टीत मात्र मी आपली बाजू घेतो. आपण एकटे गुन्हेगार नाही. आपल्याला डांबरात नीट बसवायचं, वर रोलर फिरवायचा आणि सुटी राहिलेली खडी झाडून घ्यायची, हे ज्यांचं काम होतं त्यांनी डांबराचा नुसता वास दिला आणि ते पुढच्या खड्ड्याकडे निघून गेले. मागच्या दुचाकीवाल्याच्या दृष्टीने आपण फक्त किंचाळलात, हे त्याचं भाग्य. सुट्या खडीवरून तो घसरला असता तर हे पत्र लिहायला मला इतकी मजा आली नसती.

शिक्षेबद्दल. रस्त्यावर परत टाकणार नाही. तिथे मागची गाडी वाटच बघत असेल. आमच्या इमारतीत पाण्याच्या पंपासाठी नवा चौथरा घालताहेत, त्याच्या काँक्रीटमध्ये आपली सोय लावून दिली आहे. चौथरा होण्याची घराण्याची परंपरा आहेच. बेल्टचे आणि पॉलिशपेपरचे पैसे आपल्याकडे मागावेत की घाटातल्या त्या ठेकेदाराकडे, हे तेवढं कळवा.

लोभ फार झाला, तो कमी व्हावा.

आपला,
वरील पत्त्याचा घरमालक