होऊ घातलेला डॉक्टर

अकलूजमध्ये डॉक्टरांना तोटा नाही. हाडांचे, डोळ्यांचे, बाळंतपणाचे. कुठल्याही रस्त्याने निघा, दवाखान्याची पाटी आडवी येते. तालुक्याचं गाव माळशिरस असलं तरी दुखणं घेऊन माणसं अकलूजलाच येतात. या गर्दीत एक वेगळा डॉक्टर आहे, म्हणजे व्हायचा आहे. त्याला पेशंट नकोत, 'प्रॉब्लेम' हवेत. हा डिझाइनमध्ये पीएच.डी. करणार आहे. कधी, ते विचारू नये. सध्या तो अर्ज भरतो आहे.

डिझाइन म्हटल्यावर शेजारच्या काकू त्याच्यापुढे मेंदीचं पुस्तक धरतात आणि मावसभाऊ बंगल्याचं एलिव्हेशन मागतो. दोघांनाही तो शांतपणे सांगतो, की पवईच्या आयआयटीत 1969 पासून औद्योगिक डिझाइनचं केंद्र आहे, अहमदाबादेत एनआयडी तर 1961 पासून आहे. मावसभाऊ म्हणतो, "असू दे की. पोर्च कुठं काढायचा ते सांग."

अर्ज भरणं हा त्याचा पूर्णवेळ उद्योग. आयआयटी मुंबईची 'सीड' परीक्षा या उद्योगाला फार अनुकूल आहे. वयाची अट नाही, कितीही वेळा बसा, आणि मिळालेले गुण टिकतात एकच वर्ष. म्हणजे मागच्या साली पास झालेल्यालाही यंदा पुन्हा निघणं आलंच. तुकोबांची पालखी ज्या गावात रिंगणाला थांबते, तिथे याचं कुणाला नवल वाटत नाही. ही जानेवारीतली वारी, एवढंच. परतल्यावर कुणी "काय झालं?" विचारलं, की तो सांगतो, "मुखदर्शन झालं, पदस्पर्श राहिला."

घरातली वस्तू सुखाने वापरणं त्याला जमत नाही. आजीच्या हातातला तांब्या घेऊन तो फिरवून फिरवून बघतो. "आजे, चार्ल्स आणि रे इम्स म्हणून अमेरिकेतलं जोडपं होतं. आपल्या सरकारनं बोलावलं, देशभर हिंडलं आणि 1958 साली अहवालात लिहून ठेवलं, की इथं बघितलेल्या वस्तूंत हा तांब्याच बहुधा सगळ्यात देखणा. त्या अहवालातून एनआयडी उभी राहिली." आजी तांब्या परत घेते. "तांब्या चांगला हाय हे सांगाय अमेरिकेवरनं यावं लागलं व्हय? पाणी पी आन् पालथा घाल."

त्याची खरी अडचण आहे विषयाची. संशोधनाला गॅप लागते. अजून कुणाचा हात पोचलेला नाही अशी जागा. आणि अकलूजमध्ये गॅप दिसली, की संध्याकाळपर्यंत कुणीतरी ती वेल्डिंग करून बुजवतं. गाळप हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या ऊस घेऊन कारखान्याकडे निघतात. मागे दिवा नाही. अंधारात मोटारसायकलवाल्याला एकदम ऊसच दिसतो, तोही हातभर अंतरावर. गड्याने जिवावर उदार होऊन पाहणी केली, प्रस्ताव लिहिला : 'ग्रामीण मालवाहतुकीतील रात्रकालीन दृश्यमानता'. शेवटचे फोटो काढायला गेला, तर नाक्यावरच्या वेल्डरने ट्रॉलीच्या मागच्या फळीला पट्टी मारून तिच्यावर जुन्या गाण्यांच्या सीडी ओळीने डकवल्या होत्या. हेडलाइट पडला की लखलखत होत्या. विषय गेला.

मग जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, तो त्याने पकडला : 'स्पर्शाधारित गोपनीय संवादप्रणाली'. व्यापारी म्हणाला, "बैल घ्यायचा असंल तर घाल हात. नुसतं बघायचं असंल तर लांब सरक."

मग वाढदिवसाचे फ्लेक्स. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार घसरतो आणि चौकाचौकात 'हादिर्क शुभेच्छा' झळकतात. र. कृ. जोशींनी मंगल फॉन्ट घडवला तो याच दिवसासाठी का, असं त्याने फ्लेक्सवाल्याला कळवळून विचारलं. फ्लेक्सवाला मान वर न करता म्हणाला, "भाऊ, ज्याचा वाढदिवस तो फोटो बघतो. बाकीचे आपला फोटो हाय का बघतात. वाचतं कोण?"

वडिलांचा या शिक्षणावर विश्वास नव्हता. पण आयआयटीत पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्याला सुरुवातीलाच महिना 37 हजार मिळतात हे कळल्यावर त्यांनी चष्मा पुसला. "शिकायचे? तेच देत्यात?" त्या दिवसापासून ते स्वतः अर्जात लक्ष घालू लागले. अर्जाला दोन शिफारसपत्रं लागतात म्हणताच दुसऱ्या दिवशी साहेबांचं पत्र घेऊन आले, लेटरहेडवर, शिक्क्यासकट : 'सदर युवक माझ्या परिचयाचा असून होतकरू व गरजू आहे. तरी त्यास प्रवेश देऊन सहकार्य करावे.' हे पत्र चालत नाही, काम जवळून बघितलेल्या माणसाचं लागतं, हे सांगायला पोराला आठवडा लागला.

यंदाच्या मुलाखतीत कुणीतरी सहज विचारलं, "तुमचे प्रश्न तुमच्या आधी सोडवतो तो माणूस कोण?" गड्याच्या डोक्यात उजेड पडला. आता तो वही घेऊन वेल्डरच्या शेडमध्ये बसतो. ही पट्टी इथेच का? मोजलं कशानं? आधी काय चुकलं होतं? वेल्डरने पहिल्याच दिवशी वही बाजूला ठेवायला लावून हातात अँगल दिला. "इचारायचं ते इचार, पर धरून इचार. हलला तर जोड वाकडा बसंल."

महिन्याभरात पोराला अँगल न हलवता प्रश्न विचारता येऊ लागले. मग त्याने भीतभीतच शिफारसपत्राची गोष्ट काढली. वेल्डरने काळी काच कपाळावर ढकलली, थोडा विचार केला आणि म्हणाला, "ल्ही. पोरगं कामाला बरं हाय. इचारतं लय. तिकडंच ठेवून घ्या."