मामाच्या होडीचे तीन दिवे

कर्लीची खाडी देवबागजवळ समुद्राला मिळते, तिथे दिवसभर वॉटर स्पोर्टवाल्यांची जत्रा. अंधार पडला की ही जत्रा घरी निघते, आणि नेमकी त्याच वेळी आमच्या मामाची वीस फुटी फायबरची होडी मिट्ट काळोखात, दिव्याविना, तिच्यात घुसते. होडीत आम्ही पाहुणे, देवाचं नाव घेत.

“दिवो कित्याक? माका सगळा दिसता.”

“मामा, दिवा तुला दिसावं म्हणून नसतो. तू इतरांना दिसावास म्हणून असतो.”

“मगे तेंका डोळे नाय?”

याचं उत्तर जहाजांच्या टकरी टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत आहे. ते मी जेवताना वाचून दाखवलं. सात मीटरपेक्षा लहान आणि ७ नॉटांपेक्षा, म्हणजे ताशी तेरा किलोमीटरपेक्षा, जास्त न पळणाऱ्या बोटीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पुरतो. मामा खूश. पण पर्यटक उतरले की रिकामी होडी तो कशी उधळतो हे मामीने सोलकढी वाढता वाढता सांगून टाकलं. झालं, लाल-हिरवेही आले. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, प्रत्येकाने समोरून बाजूच्या थोडं मागेपर्यंत ११२.५ अंशांत दिसायचं.

“आणि ह्यो अर्धो अंश कोण मोजतलो?”

मालवणच्या बाजारात दुकानदाराने जुन्या पद्धतीचे दहा वॅटचे बल्ब पुढे केले. तीन बल्ब बारा व्होल्टवर अडीच अँपिअर ओढणार. चार तासांत दहा अँपिअर-तास खलास. एलईडीचे तिन्ही मिळून सहा वॅट, म्हणजे जेमतेम अर्धा अँपिअर. यूपीएसमधली ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी निम्मीच वापरली तरी सात तास उजेड. हे गणित मी मोठ्या आवाजात मांडलं आणि ‘एलईडी’ शब्दासरशी दुकानातली चार डोकी आमच्याकडे वळली.

कारण या किनाऱ्यावर एलईडी ही शिवी आहे. पाण्यात प्रखर झोत सोडून मासळी गोळा करणाऱ्या नौकांवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली, तरी पारंपरिक मच्छीमारांचं भांडण मिटलेलं नाही. मामा तर मोर्च्यात पुढच्या रांगेत. “माका गावात ऱ्हवाचा आसा,” तो माझ्या कानात पुटपुटला. ते लोक जनरेटर घेऊन जातात, आपले दोन-दोन वॅट, असं समजावल्यावर त्याने दिवे घेतले. पण घरी पोचेपर्यंत खोक्यावरची तिन्ही अक्षरं किल्लीने खरवडून काढली होती.

त्याच दुकानात तारही घ्यायची होती, ती कल्हई केलेल्या तांब्याची, कारण साधं तांबं खाऱ्या हवेत हिरवं पडतं. “कल्हई टोपांका करतत,” दुकानदाराने माझं अज्ञान दूर केलं. फ्यूज मात्र मिळाला. तो बॅटरीला खेटून, धन तारेवर बसवायचा. लांब ठेवला तर मधली तार घासून शॉर्ट झाल्यावर त्याला पत्ताच लागत नाही. एवढं सगळं इलेक्ट्रिशियनने बिनचूक केलं. फक्त तो मागच्या मोटरकडे तोंड करून बसला होता, आणि लाल दिवा त्याने स्वतःच्या डाव्या हाताला ठोकला. म्हणजे आम्ही संगमाकडे निघालो की बाजूने बघणाऱ्याला आम्ही उलट दिशेने, घरी चाललेले दिसणार! मामीला ही कल्पना आवडली.

दिव्यांची अदलाबदल करून संध्याकाळी निघालो. पांढरा दिवा नेमका मामाच्या डोळ्यांसमोर. काळोखाला सरावलेली नजर एका झटक्यात गेली. “बंद करा तो! माका काय दिसना नाय!” आयुष्यात पहिल्यांदा मामाला खाडीत दिसेनासं झालं, तेही आम्ही दिवा लावल्यामुळे. मग वल्ह्याला बांधून दिवा त्याच्या डोक्याच्या वर चढवला, तेव्हा कुठे होडी सरळ झाली. समोरून येणारी बोट चक्क बाजूला सरली. मामाने एवढा मान उभ्या हयातीत मिळवला नव्हता. त्यामुळे आम्ही संगमावर उगाचच दोन फेऱ्या जास्त मारल्या.

परतलो तर गावातली वीज गेलेली. मामी धक्क्यावर उभी, हातात रिकामी पिशवी.

“बॅटरी हाड हय. आणि तो लाल-हिरवो नको, पांढरो सोडव. माका सुरमय तळूची आसा.”