मन, म्हैस आणि थकबाकी

आमच्या इंदापूर तालुक्यात माणसाचं मन ओळखायला तीन प्रश्न पुरतात. गाव कुठलं, पाहुणे कोण, आणि ऊस कुठल्या कारखान्याला जातो. तिसऱ्याचं उत्तर आलं की समोरच्याचं राजकारण, कर्ज, मुलीच्या लग्नाचं बजेट आणि पुढच्या दिवाळीपर्यंतचा स्वभाव, सगळं उलगडतं. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट नावाच्या गृहस्थांनी १८७९ साली याच कामासाठी प्रयोगशाळा काढली. मानसशास्त्राची जगातली पहिली प्रयोगशाळा म्हणून ती प्रसिद्ध आहे. असेलही. तिकडची साखर बिटाची, त्यामुळे त्यांना उपकरणं लागली.

वुंटसाहेबांची आणि माझी गाठ ‘स्वयम’वर पडली. केंद्र सरकारचं हे पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं. आयआयटीचे प्राध्यापक तुमच्या मोबाइलमध्ये येऊन शिकवतात, तेही फुकट. परीक्षा द्यायची हौस असेल तर मात्र हजार रुपये. माझं नाव परस्पर लेकीनं नोंदवलं. मी राहते इंदापूरजवळ वस्तीवर आणि नोकरी बारामतीच्या एका पतसंस्थेत, वसुली विभागात. लेक म्हणाली, “आई, नाहीतरी कुणाच्या मनात काय चाललंय हे तू न विचारता सांगत असतेस. निदान सर्टिफिकेट तरी घे.” आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, “फुकट आहे ना?” आणि ‘आहे’ म्हटल्यावर परवानगी गृहीत धरण्यात आली.

जानेवारीत कोर्स सुरू झाला. बारा आठवडे, दर आठवड्याला एक असाइनमेंट. त्यांतल्या चांगल्या आठांचे पंचवीस गुण आणि शेवटच्या परीक्षेचे पंचाहत्तर. जानेवारी म्हणजे गाळपाचा भर. इंदापूरहून निघालेली एसटी निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे करत सणसरपर्यंत येते तोवर तिच्यापुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा एखादा ट्रॅक्टर हमखास लागलेला असतो. ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्यानं, की मागच्या एसटीतल्या माणसाला वेगळं मनोरंजन लागू नये. इतरांना या ट्रॅक्टरचा वैताग येतो. मला त्याच्यामुळे एकेका फेरीत दीड व्याख्यान मिळायचं, आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे शिक्षणाचा खर्चही निम्मा.

अवधानाचा धडा तर मी त्या बसमध्येच प्रात्यक्षिकासह शिकले. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये अभ्यास केला, की पार्टीतल्या गोंगाटात माणूस नेमकं एकाचंच बोलणं कसं ऐकतो. पुढे असंही आढळलं की लक्ष दुसरीकडे असलं तरी स्वतःचं नाव कुणी घेतलं तर ते कानात शिरतं. आमच्याकडे नावाची गरज नाही. गाणी चालू, पोर रडतंय, कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून कुणाशी तरी बोलतोय, अशा वेळी मागच्या बाकावर कुणी नुसतं ‘कर्जमाफी’ म्हटलं की सगळी एसटी एकदम मागे वळते. “पतसंस्थेचं पण धरणार का?” हा पुढचा प्रश्न मला उद्देशून असतो.

शेजारच्या सीटवर लासुर्ण्याच्या एक मावशी असायच्या. बारामतीला लेकीचं बाळ सांभाळायला जायच्या. इयरफोनची एक वायर त्यांच्या कानात, एक माझ्या. व्याख्यान इंग्रजीत, त्यामुळे मी भाषांतर करून सांगायचे. पावलोव्हचा कुत्रा आला त्या दिवशी मावशी एकदम सावरून बसल्या. कुत्र्याला बांधलंय, खाणं समोर आणलंय, खाण्याआधी आवाज केलाय, इथवर आलो आणि बेलवाडीच्या पुढे नेटवर्क गेलं. बारामती आली, मावशी उतरल्या. दुसऱ्या दिवशी लासुर्ण्याला पायरी चढता चढताच त्यांनी विचारलं, “त्या कुत्र्याला मग खायाला दिलं का न्हाई?”

याला झायगार्निक परिणाम म्हणतात. ब्लूमा झायगार्निक या बाईंनी बर्लिनमध्ये शिकत असताना हे शोधलं आणि १९२७ मध्ये छापलं. अर्धवट राहिलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं. सुरुवात म्हणे एका हॉटेलातल्या वेटरवरून झाली. बिल चुकतं होईपर्यंत त्याला सगळी ऑर्डर पाठ, पैसे मिळाले की कोरा. हे ऐकून मी इतकी खूश झाले की सकाळी मॅनेजरना सांगितलं. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, “वहिनी, पण हे वेटरचं झालं. गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतं का?” त्याबद्दल बाईंनी काही लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. आमच्या वसुली विभागाचा सगळा पसारा त्या न लिहिलेल्या प्रकरणावर उभा आहे.

कुत्र्याचा उरलेला भाग मी घरी सासूबाईंना सांगितला. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. खाण्याआधी रोज आवाज केला, की काही दिवसांनी नुसत्या आवाजानंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आत्या दाव्याची गाठ सोडवत होत्या. म्हणाल्या, “आन् मग?” मग काही नाही म्हटलं, हाच शोध. “आगं, आपली म्हस बादलीचा आवाज आला की पान्हावती. तिला कुणी बक्षीस दिलं का?”

पावलोव्हला १९०४ मध्ये नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, हे सांगून मी शास्त्राची बाजू थोडी सावरून धरली. पण म्हशीच्या बाबतीत आत्या माझ्या प्राध्यापकांच्याही पुढे होत्या. आमची म्हैस नुसत्या बादलीवर भुलत नाही. तिला बादली लागते, पुढे पेंडीचं टोपलं लागतं आणि कासेशी आत्यांचं हिरवं लुगडं लागतं. आत्या पंढरपूरला गेल्या की आमचे हे, तालुक्याच्या राजकारणात चार लोक ज्यांना विचारून मत देतात ते हे, डोक्यावरून आत्यांचं लुगडं गुंडाळून गोठ्यात बसतात. मग म्हैस मागे वळून एकदा बघते, हुंगते आणि दूध सोडते. याला शास्त्रात सामान्यीकरण म्हणतात. गोठ्याचं दार आतून लावून घेण्याला काय म्हणतात ते अभ्यासक्रमात नव्हतं.

सगळ्यात उपयोगी म्हणून मी ज्याच्याकडे डोळे लावून बसले होते तो स्किनर. पेटीत उंदीर, त्यानं दांडी दाबली की दाणा. दर वेळी दाणा दिला आणि मग बंद केला तर उंदीर लवकर नाद सोडतो. पण कधी दोन दाबांनी, कधी वीस दाबांनी, असा बेभरवशाचा दाणा दिला तर तो दाबतच राहतो. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. मी वहीत लिहून घेतलं: थकबाकीदारांना हप्ता भरण्याची सवय अशी लावावी.

मग आमच्या एका जुन्या थकबाकीदाराची फाइल उघडली. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. निमगाव केतकीच्या बाजूला पानमळा, डाळिंबाची बाग, वागणं अत्यंत गोड. आमचा वसुलीचा पोरगा त्यांच्याकडे जातो. एकदा ते नसतात. एकदा असतात, पण चेकबुक बारामतीला असतं. एकदा चहा-पोहे होतात. एकदा एकदम पाचशे रुपये काढून हातावर ठेवतात. मग दोन महिने काही नाही, आणि मग अचानक दोनशे आणि पिशवीभर डाळिंबं. पोरगा म्हणतो, “मॅडम, अण्णांकडं चक्कर मारायलाच पाहिजे, कधी देतील सांगता येत नाही.” मी फाइल मिटली. पेटी होती, दांडी होती, दाणाही होता. फक्त उंदीर आमच्या पगारपत्रकावर होता. अण्णांनी आठवीनंतर शाळा सोडली आहे.

सामाजिक मानसशास्त्राचा आठवडा आला तेव्हा मला वाटलं, आता तरी नवीन काही कळेल. सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये केलेला प्रयोग. खोलीत सगळे आधीच पढवलेले, एकच माणूस खरा. समोर रेघा, त्यांतली कुठली नमुन्याएवढी आहे ते शेंबड्या पोरालाही कळेल. पण पढवलेले सगळे ठरवून चुकीची रेघ सांगतात आणि बिचारा तो एक, पुष्कळदा, स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवून त्यांच्यात सामील होतो. साधारण तिनांतलं एक उत्तर असं गेलं.

ज्या भागात सहकार मुरला आहे तिथल्या माणसाला यात नवल काय वाटणार? वार्षिक सर्वसाधारण सभेला कुणीही जाऊन बघावं. मांडवात खुर्च्या, पुढच्या चार रांगांत घरची माणसं. विषय क्रमांक एक: मागील सभेचे इतिवृत्त. वाचणाऱ्यानं ‘मागील’ म्हणायच्या आत ‘मंजूर, मंजूर!’ विषय दोन: ताळेबंद. मंजूर. एकदा तर वाचणाऱ्याला ठसका लागला आणि तोही मंजूर झाला. ॲशसाहेबांना प्रयोगात आणखी एक गोष्ट आढळली. खोलीत फक्त एकानं जरी खरं उत्तर दिलं तरी त्या बिचाऱ्याला धीर येतो आणि बहुमताचा दाब एकदम उतरतो. हे आमच्याकडे फार आधीपासून ठाऊक असावं. तो एकजण सभेच्या दिवशी आजारी असतो, नाहीतर आदल्या रात्री त्याला जेवायला बोलावलेलं असतं, नाहीतर त्याला व्यासपीठावर बसवलेलं असतं. अमेरिकेत प्रयोगापुरतं केलं, इकडे त्याच्यावर संस्था चालल्या.

पुढचा प्रयोग मी ऑफिसात स्वतः केला आणि तो आजवर गाजतो आहे. बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्यानं प्रत्येकाला ज्याचं-त्याचं वर्णन दिलं. किती अचूक आहे त्याला पाचपैकी गुण द्या म्हणाले. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि मजकूर बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. मी संगणकावर एक कागद तयार केला: ‘तुम्ही मनानं साधे आहात, पण लोक त्याचा गैरफायदा घेतात. वरून कडक दिसता, आतून हळवे. कष्टाच्या मानानं तुम्हाला मिळालेलं नाही. भावकीसाठी पुष्कळ केलंत, भावकीनं ओळख ठेवली नाही.’ आठ प्रती काढल्या, प्रत्येकीवर वेगळं नाव घातलं आणि पाकिटं बंद करून वाटली.

कॅशियर भाऊसाहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि काउंटर बंद करून बाहेर पान खायला गेले. शिपाई दादा जवळ येऊन हळूच म्हणाले, “वहिनी, भावकीचं तुम्हाला कुणी सांगितलं?” मॅनेजर म्हणाले, “अगदी तंतोतंत. घरी दाखवतो.” त्यांनी तो लॅमिनेट करून घेतला. जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांचे कागद एकत्र मांडून दाखवले, की पाहा, शब्द न् शब्द एक आहे. डब्यांवर जरा वेळ शांतता पसरली. मग भाऊसाहेब म्हणाले, “म्हणजे चुकून माझाच सगळ्यांना दिलात होय?” बाकीच्या सात जणांचंही हेच म्हणणं पडलं. मॅनेजरांच्या टेबलाच्या काचेखाली तो कागद अजून आहे.

मनोविकारांच्या आठवड्यात घरात जरा तणाव होता. विद्यार्थ्याला प्रत्येक आजाराची लक्षणं घरच्यांत दिसू लागतात, हे जगभर होतं, माझ्यात विशेष काही नव्हतं. उसाचा दर जाहीर व्हायच्या आधी हे चार-चार दिवस बोलत नाहीत, त्याचं मी वहीत एक नाव लिहिलं. दर जाहीर झाल्यावर बोलायचे थांबत नाहीत, त्याचं दुसरं. तसं बघायला गेलं तर मोरोपंतांनी बारामतीत बसून १०८ रामायणं रचली. त्यात एक असं, की वाचताना ओठाला ओठ लागत नाही. आज असते तर माझ्यासारखी एखादी त्यांच्याही मागे वही घेऊन लागली असती, आणि मराठीचं केवढं नुकसान झालं असतं! वही ह्यांच्या हाती लागली. त्यांनी शांतपणे वाचली आणि एवढंच विचारलं, “यात तुझं पान कुठंय?”

परीक्षेचं केंद्र पुण्यात आलं. आजूबाजूला सगळी इंजिनिअरिंगची पोरं. एकजण मला पर्यवेक्षक समजून कच्चा कागद मागायला आला. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये लिहून ठेवलंय की माणसाच्या मनात एका वेळी सात, एक-दोन कमी-जास्त, इतक्याच गोष्टी मावतात. माझ्या सातांतल्या चार जागा इंदापूरची शेवटची गाडी, गॅसचं बटण, आत्यांची गोळी आणि ह्यांनी म्हशीला पाणी दाखवलं असेल का, यांनी आधीच अडवल्या होत्या. उरलेल्या तिनांवर मी पास झाले. प्रमाणपत्र मेलवर आलं. आत्यांनी ते मोबाइलवर लांब धरून बघितलं आणि विचारलं, “ह्यात पगार वाढतो का?”

पगार वाढला नाही, पण बातमी पसरली. महिन्याभरानं अण्णा स्वतः पतसंस्थेत आले, म्हणजे आम्ही न बोलावता. आल्या आल्या बाहेरच्या चहावाल्याला हाक मारून सगळ्यांना चहा सांगितला, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

“मॅडम, तुम्ही मनाचं शिक्षण घेतलंय म्हणे.”

“घेतलंय, अण्णा.”

“मग सांगा बरं, माझ्या मनात काय चाललंय?”

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पांढरी टोपी, खिशाला पेन, पायाशी डाळिंबाची पिशवी. म्हटलं, “तुमच्या मनात आहे, की या महिन्यातही हप्ता भरायचा नाही.”

अण्णांनी कौतुकानं मान हलवली आणि ऑफिसभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बघा! आयआयटीचं शिक्षण वाया जात नाही.” मग खिशात हात घालून दोनशे रुपये काढून टेबलावर ठेवले, आणि वसुलीच्या पोराला म्हणाले, “चक्कर मारत जा रे अधूनमधून.”