सदरची वीजनिर्मिती

हायब्रिड गाडीला हलका पाय लागतो, असं जाणकार सांगतात. लाल सिग्नल दिसला की लांबूनच अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, मग ब्रेकवर अलगद पाय. मोटार जनित्रासारखी फिरते आणि वेग बॅटरीत जमा होतो. करकचून दाबला, तर बराचसा वेग ब्रेक पॅडवर उष्णता होऊन उडून जातो. नागपुरात उष्णतेची टंचाई आधीच फार, नाही का!

पण घरंगळायला पुढे जागा हवी, राजेहो. सदर भागातल्या रेसिडेन्सी रोडवर ती सोडली की तिच्यात दोन स्कूटी, एक ऑटो आणि फोन कानाला लावलेला बुलेटवाला मावतो. मागचा हॉर्न वाजवतो तो वेगळाच.

नागपूरचे खासदार नितीन गडकरींनी ऑगस्ट 2023 मध्ये इथेनॉलवर चालणारी हायब्रिड इनोव्हा दिल्लीत सादर केली. ती संध्याकाळी सदरमध्ये आणायला हवी होती. इथल्या कोंडीत इंजिन बराच वेळ गप्पच राहतं, गाडी बॅटरीवर सरकते. पेट्रोल वाचतं ते महानगराच्या नियोजनामुळे, आणि श्रेय घेतो चालक. सदरच्या उड्डाणपुलावरून जाणाऱ्यांना मात्र बॅटरी भरायला एक उतारच काय तो मिळतो, बिचारे.