अजून एक सीझन काढंल!

जेसीबीचा मालक ओळखायला जेसीबी बघावा लागत नाही. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर एक काळपट, तेलकट डाग असतो आणि तो कुठल्याही साबणाने निघत नाही. मालक म्हणजे एका मशीनचा मालक, हे आधीच सांगून ठेवतो. दहा मशीनवाला ठेकेदार वेगळा. त्याचं वर्कशॉप असतं, वही असते, किती तासांनी काय बदलायचं ते ठरलेलं असतं आणि त्यामुळे त्याच्याविषयी लिहिण्यासारखं काही उरत नाही. आपला माणूस त्या ठेकेदाराचंच जुनं मशीन हप्त्यावर घेतो आणि पुढे कित्येक वर्षं सांगत फिरतो, "समृद्धीवर चाललेलं मशीन हाय." मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा रस्ता त्याच्या तोंडून ऐकावा. बाकीची मशीनं तिथे नुसती जेवायला आली होती.

मशीनवर त्याचा जीव आहे, यात शंका नाही. काचेवर 'आईचा आशीर्वाद', मागे पोरांची नावं, टपावर निळे-लाल दिवे. खंडेनवमीला बकेटच्या दातांना हळदकुंकू, आणि बूमवर झेंडूच्या इतक्या माळा की खालचं पिवळं कुठलं आणि वरचं पिवळं कुठलं ते कळू नये. त्या माळांच्या खाली जो रबरी पाइप गेलेला असतो, तेवढा मात्र त्याला दिसत नाही. तो पाइप मशीनबरोबर आला, मशीनबरोबरच जाईल, अशी त्याची श्रद्धा आहे.

या पाइपाचं दुःख असं की तो वरून काही बोलत नाही. आत रबराची नळी, तिच्यावर पोलादी तारांची वीण, कामाप्रमाणे एक थर किंवा दोन, आणि त्यावर पुन्हा रबर. उन्हाने वरचं रबर तडकतं, तड्यांतून पावसाचं पाणी तारांपर्यंत जातं, तारा आतल्या आत गंजतात. चारचाकीच्या टायरात ३२ पौंड हवा असते, तरी आपण टायर फुटायला भितो. इथे बूम जोरात असताना साडेतीन हजार पौंडांच्या आसपास दाब असतो, तोही तापलेल्या ऑइलचा. चांगला पाइप लिहिलेल्या दाबाच्या चौपट सहन करेल असा बनवलेला असतो. मालकाने हे कुठेतरी ऐकलेलं आहे. त्यातला 'चौपट' एवढाच शब्द त्याने लक्षात ठेवला आहे.

सुरुवात पाझरण्यापासून होते. पाइपाच्या टोकाशी ओल दिसते, ओलीवर धूळ बसते. ऑपरेटर सांगतो, "मालक, बूमचा पाइप पाझरतोय."

"पाझरतोय म्हंजी आत ऑइल हाय. पाझरायचा बंद झाला तर सांग मला."

"वर फुगा पण आलाय."

"फुग्याला ट्यूब गुंडाळ. अजून एक सीझन काढंल."

मग सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्या पट्ट्या आवळल्या जातात. त्याने तारांचं काही भलं होत नाही, पण फुगा दिसेनासा होतो आणि मालकाला तेवढंच हवं असतं. गळती वाढली की पाइप सोडवून उलटा लावायचा, म्हणजे झिजलेला वाक दुसऱ्या बाजूला जातो. तेही संपलं की खराब तुकडा कापून मधे जॉइंट मारायचा. अशा एखाद्या पाइपात मूळचा पाइप कमी आणि जॉइंट जास्त असतात, आणि मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकाने दाखवतो.

पाइपावर एक बारीक ओळ छापलेली असते. तिच्यात मापाबरोबर पाइप बनल्याची तिमाही आणि वर्षही असतं. घरात बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख चष्मा लावून वाचणारा हा माणूस ती ओळ कधी वाचत नाही. विचारलं तर म्हणतो, "त्याच्यावर एक्स्पायरी कुठं लिहिलीय?" हे खरंच आहे, लिहिलेली नसते. जर्मनीच्या डिन २००६६ या मानकात मात्र जोडणी केलेल्या होजचं आयुष्य ६ वर्षं धरलं आहे, आणि त्यात गोदामात पडून राहिलेली जास्तीत जास्त २ वर्षंही आली. हे मी एका मालकाला ऐकवलं. त्याने शांतपणे तंबाखू मळून घेतली आणि म्हणाला, "तिकडं थंडी असती. आपल्याकडं पाइप उन्हात भाजून पक्का होतो."

त्याला नुसतं हसून मोकळं होता येत नाही. दिवाळीनंतर शेततळी, विहिरी, मुरूम, पाया-खोदाई सुरू होते आणि मृगाचा पाऊस पडला की मशीन पत्र्याच्या शेडखाली जातं. सगळे पाइप एकदम बदलायची वेळ खरं तर तीच, कारण दोन दिवस मशीन खोललेलं असलं तरी कुणी ओरडणार नाही. पण पावसाळ्यात त्याच्याकडे पैसा नसतो आणि उन्हाळ्यात वेळ नसतो. फायनान्सवाल्याचा हप्ता बाराही महिने असतो. डिझेल वाढतं तसा तासाचा दर वाढत नाही, कारण पलीकडच्या गावातला दुसरा एकमशीनवाला शंभर रुपये कमी घ्यायला टपलेलाच असतो. हे सगळं मला मान्य आहे. फक्त टपावरच्या दिव्यांना पैसे कुठून आले, एवढंच कोडं आहे.

शेवटी पाइप फुटतो. तो शेडमध्ये फुटत नाही, तो विहिरीच्या काठावर फुटतो, नाहीतर शनिवारी संध्याकाळी, तालुक्याचं होजचं दुकान बंद होताना. आमच्या भागात एकदा ग्रामपंचायतीच्या निकालाच्या दिवशी फुटला. मालकाने आपल्या गटासाठी मशीन फुकट दिलं होतं. पुढच्या बकेटमध्ये गुलाल आणि गुलालात उभे असलेले दोन कार्यकर्ते, खाली हार घातलेले नवे सरपंच. बकेट वर गेली, घोषणा झाली आणि गरम ऑइलची धार थेट सरपंचांच्या इस्त्रीच्या कपड्यांवर. बकेट खाली येऊन टेकली, कार्यकर्ते गुडघ्यांवर निभावले. गुलाल आणि हायड्रॉलिक ऑइल एकत्र आल्यावर जो रंग होतो, तो कुठल्याच पक्षाचा नाही. मालकाचं निदान तयार होतं: "विरोधकांची नजर लागली."

आता बदली. फुटलेला पाइप शंकराच्या नागासारखा गळ्यात अडकवून मालक मोटारसायकलवर तालुक्याला निघतो. (शर्टावरच्या डागाचा उगम इथे आहे.) दुकानदार मापं घेतो, कटरवर नवा पाइप कापतो, टोपण बसवून मशीनमध्ये दाबतो. मालकाचं एकच मागणं असतं, जुनीच टोकं नव्या पाइपला लावा. एकदा दाबलेलं टोपण पुन्हा वापरता येत नाही, हे दुकानदार प्रत्येक वेळी सांगतो. "शेजारचे दोन पण त्याच वयाचे असतील, आताच बदला," हेही सांगतो. "ते अजून एक सीझन काढतील." त्या एका पाइपापर्यंत पोचायला हेच दोन शेजारी सोडवावे लागणार आहेत, आणि सोडवून पुन्हा तसेच लावले जाणार आहेत.

तोवर साइटवर हेल्परने उघड्या तोंडांत गोणपाटाचे बोळे कोंबून ठेवलेले असतात. त्यातला एखादा धागा आत जातो आणि पुढे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. सांडलेलं ऑइल घमेल्यात गोळा केलेलं असतं. ते धोतराच्या फडक्यातून गाळून टाकीत परत जातं, कारण २० लिटरची नवी बादली फोडायची मालकाच्या जिवावर येते. डोळ्याला न दिसणारी माती फडक्यातून सहज गळते आणि पंप खाते. पंपाच्या किमतीत मशीनचे सगळे पाइप आले असते, हा हिशेब त्याच्यासमोर मांडायची हिंमत घरातही कुणाची नाही. पाइपाला धरून ठेवणारी क्लिप मागच्याच वेळी हरवलेली असते, तेव्हा नवा पाइप मोकळाच सोडला जातो. तो लोखंडाला घासतो, दोन महिन्यांत तारा उघड्या पडतात. "हल्लीचे पाइपच बोगस," मालक म्हणतो.

मला या माणसाची एकच सवय खरोखर भीतिदायक वाटते. मशीन चालू ठेवून, बूम वर असताना, तो गळती हाताने चाचपतो. सुईएवढ्या भोकातून येणारी धार दिसत नाही आणि ती कातडीतून थेट आत शिरते. काटा टोचल्याएवढंच दुखतं. म्हणून माणूस हात पुसून कामाला लागतो आणि बोट किंवा हात गमावून बसतो. अशा वेळी काही तासांत शस्त्रक्रिया लागते, मलम नव्हे. गळती शोधायची तर पुठ्ठा पुढे धरावा, आणि पाइप सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर हलवून दाब काढून टाकावा. ऑपरेटरला हे ठाऊक असतं. पण मालक म्हणतो, "सर बाजूला, मी बघतो," आणि पगार मालक देतो.

तेव्हा तुमच्या शेतात जेसीबी आला तर आधी बूमवरचे पाइप बघा. सायकलची ट्यूब गुंडाळलेली दिसली तर पोराबाळांना लांब ठेवा, आणि काम सुरू होताना तासांच्या मीटरचा आकडा स्वतः लिहून घ्या. पाइप फुटून मशीन उभं राहिलं तरी इंजिन चालू ठेवायला हा माणूस विसरत नाही.