बीडला भोंगा बसवायचा तर

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ साली एक नामी युक्ती काढली. संध्याकाळी सातला गावात भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. लेकरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. बातमी देशभर गाजली. तेव्हा आमच्या बीड जिल्ह्यातही असा भोंगा बसवावा, अशी आमची नम्र सूचना आहे. ठराव करायला काय जातंय? फीत कापायची, फोटो ग्रुपवर टाकायचा, झालं.

अडचण एकच. सातला फोन बंद केला आणि ओटीपी साडेसातला आला, तर?

म्हणजे ठरावाला सवलतीची कलमं आली. पहिली सवलत लाडक्या बहिणींना. २०२५ च्या ई-केवायसीत बहिणीच्या एकटीच्या आधारवर सरकारचं भागलं नाही. नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या आधारवरचाही ओटीपी हवा होता. ज्यांचे दोघंही वर गेलेत, त्या बायांनी कुणाला फोन लावायचा? वर रेंज नसते हे सरकारच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग मृत्यूचे दाखले अंगणवाडी सेविकेकडं द्या, असा निरोप आला.

दुसरी सवलत शेतकऱ्याला. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. आपला पेरा सातबाऱ्यावर आपणच चढवायचा, तोही आपल्याच रानात उभं राहून, ॲपमधून फोटो काढून. खरिपाला जमतं. रब्बीला हरभरा धारूरच्या डोंगरात आणि मालक कोल्हापूरच्या उसाच्या फडात कोयता घेऊन. दोन्हीकडं एकाच वेळी उभं राहता येईल असं ॲप अजून निघायचंय.

रोजगार हमीच्या मजुरांना तर भोंग्याची गरजच नाही. २०२३ पासून दिवसातून दोनदा हजेरीचा फोटो सक्तीचा. दगड फोडला की नाही हे कुणी बघत नाही, फोटो अपलोड झाला की नाही ते बघतात. बालाघाटाच्या कपारीत रेंज नसली की मोबाइलवाला गडी टेकाडावर चढतो, हात वर करतो, आणि खाली सगळे त्याच्याकडं बघत बसतात. पूर्वी असं पावसाकडं बघायचे.

बरं, नेटवर्कच्या नावानं बोटं मोडावीत तर तेही कृतघ्नपणाचं. नगर-बीड-परळी रेल्वे १९९५-९६ च्या अर्थसंकल्पात मंजूर झाली. देशातला पहिला मोबाइल कॉल लागला तोही १९९५ च्या जुलैत. मोबाइल वाडीवस्तीवर पोचला, फोर-जी झाला, फाइव्ह-जी झाला. रेल्वे बीडच्या स्टेशनात शिरली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं आम्ही गाडीची वाट बघितली, त्यातली निम्मी मोबाइलवरच.

आणि ऊसतोडीला गेलेल्या फडावरच्या मावशीसमोर तर आमचा ठराव मांडायची सोयच नाही. पहाटे अंधारात उठून मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, रात्री कोपीत चूल पेटवायची. मग कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी सोडून फोन बाहेर काढायचा. कोपीत वीज नाही, ट्रॅक्टरवाल्याच्या मेहेरबानीनं चार्ज झालेला. काच तडकलेली, त्यात आजीपाशी ठेवलेलं पोरगं अर्धंच दिसतं. ते म्हणतं काय? "आई, रिचार्ज मार, गेम अडकलाय." कॅमेऱ्याकडं बघतही नाही. मावशीला विचारलं, हे बंद केलं तर? "आन् करू नगा तसलं काही," ती म्हणाली. "भांडतंय तर भांडू द्या, तोंड तर दिसतंय त्याचं."

फोन बंद ठेवायची शिस्त आमच्याकडं मुळीच नाही, असंही नाही. मोठ्या माणसांनी ती कधीच अंगी बाणवली आहे. तिकीटवाटप आलं की नेते 'नॉट रीचेबल'. पाणीटंचाईत टँकर विचारा, साहेब 'नॉट रीचेबल'. आणि ऊसतोडीचा मुकादम? दसऱ्याच्या आधी उचल द्यायची असते तेव्हा रोज सकाळी विठोबाच्या फोटोसकट 'शुभ सकाळ'. कारखान्याचा पट्टा पडला, हिशेबाची वेळ आली, की फोनमधली बाई सांगते, आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे.

मावशी तरीही रोज लावते. म्हणते, "ही बाई निदान गोड तरी बोलती."