त्यांचं बरं चाललंय!

लाटंबार्सेकराला मनात सल धरायला लांब जावं लागत नाही. दोडामार्गचा चेकनाका जवळच आहे. अलीकडे गोवा, पलीकडे सिंधुदुर्ग. आणि आपल्या ताटातलं पलीकडच्याने ओढून नेलं, याबद्दल दोन्ही बाजूंना तिळमात्र शंका नाही.

16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात डिचोली-पेडण्याचा ओढा महाराष्ट्राकडे होता, म्हणजे ‘फूल’ या निशाणीकडे. गोवाभर मात्र 34,021 मतांनी वेगळ्या गोव्याची ‘दोन पानं’ जिंकली. फूलवाल्यांनी राग गिळला नाही, गालात धरून ठेवला. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला नुसती वापराची मुभा मिळाली. घरच्याच माणसाला पाहुण्याचा पाट! तो राग पुढच्या पिढीच्या नावावर चढला. जमिनीचं म्युटेशन रखडतं. याचं कधीच रखडलं नाही.

गंमत पुढेच आहे. जानेवारी 2018 पासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं. दोडामार्गात आंदोलन पेटलं, आणि त्याच वर्षी ‘आमचा तालुका गोव्यात घाला’ अशी मागणीही निघाली. म्हणजे आम्हाला तिकडे जायचं होतं, त्यांना इकडे यायचं होतं. मध्ये फक्त एकावन्न वर्षांची चुकामूक.

तिळारीचं तेच. धरण दोडामार्ग तालुक्यात, पाण्यात सुमारे 73 टक्के वाटा गोव्याचा. ते म्हणतात, जमीन आमची बुडाली; आम्ही म्हणतो, पैसे आमचे बुडाले. कालवा तिकडे फुटतो, नळ इकडे कोरडा पडतो, आणि दोन्हीकडे एकच वाक्य ऐकू येतं: ‘त्यांचं काय, त्यांचं बरं चाललंय.’

पण सीमेला कशाला दोष द्या? गावातल्या गावात पालखीला खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाला, यावरून देव मामलेदाराच्या कचेरीत जातो. मामलेदारच देवस्थानांचा प्रशासक, त्यामुळे तारखा पडतात आणि देव वाट बघतो. शेजाऱ्याच्या पोराला सरकारी नोकरी लागली की पेढा तोंडात टाकतानाच आपण विचारतो, ‘वशिला कोणाचा?’ खरा सल असाच असतो. तो भांडत नाही. सत्यनारायणाला येतो, प्रसाद घेतो आणि शिऱ्यात तूप कमी होतं, हे मात्र जन्मभर लक्षात ठेवतो.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. या चवथीला ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याच्या घरी आरतीला जा. फक्त त्याच्या गणपतीवरच्या माटोळीतले नारळ मोजू नका.